पाचवा राजीनामा

लांब्याचं पत्र आलं तेव्हा तो तुरुंगात होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याला आता त्रेपन्न वर्षं झाली.

त्या साली सरकारशी असहकार पुकारला होता. माणसं सरकारी नोकऱ्या सोडत होती. आमच्या कचेरीत लांब्या, मी आणि आणखी तिघे अशा पाच कारकुनांनीही तेच ठरवलं. लांब्याने पाच कोरे कागद माझ्यापुढे टाकले.

"लिही बाबा. तुझं अक्षर मोत्यासारखं. आमचे कोंबडीचे पाय बघून साहेब रजेचा अर्ज समजायचा."

सगळे हसले. मी पाचही राजीनामे लिहिले. ज्याने त्याने आपापल्या कागदावर सही केली, मीही केली. साहेबाकडे जाणारा प्रत्येक कागद शिक्का मारून आत पाठवणं हे माझंच काम. चार कागदांवर शिक्का मारला. पाचवा, माझा, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. भ्यालो, एवढंच खरं.

बाहेर चौघे थांबले होते.

"दिलेस?" लांब्याने विचारलं.

"दिले."

त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. रस्त्यावरून मोर्चा येत होता, ते चौघे त्यात शिरले. पोटात दुखतंय म्हणून मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने कचेरीत गेलो आणि पुढे तीस वर्षं जात राहिलो.

चौघेही तुरुंगात गेले. तिथून लांब्याने लिहिलं होतं, "तू अजून कामावर आहेस असं हे तिघे म्हणतात. मी त्यांना झापलं. म्हटलं, त्याच्या अक्षरावर साहेबाचा जीव, साहेबानेच त्याचा कागद दाबला असेल. खरं काय ते कळव."

गेल्या महिन्यात नातीला ते पत्र माझ्या एका पुस्तकात सापडलं. मला न विचारता तिने चौकशी केली.

"आजोबा, हे पत्र लिहिणारे अजून आहेत. डोळे गेलेत. आलेली पत्रं सून वाचून दाखवते."

"म्हणजे माझंही तीच वाचणार."

"मग काय झालं? असं काय लिहिणार आहात?"

आठ दिवस कागद फाडले. शेवटी चार ओळी राहिल्या.

"साहेबाने काही दाबलं नाही. राजीनामा मी दिलाच नव्हता. माझ्यासाठी तू त्या तिघांशी भांडलास. त्यांचं खरं होतं."

"मी टाकून येते," नात म्हणाली.

"नको, मीच जातो."

टपालपेटीपाशी एक बाई उभी होती. म्हातारा बघून ती बाजूला झाली. "तुम्ही आधी टाका," मी म्हटलं. तिने टाकलं आणि ती गेली. मागे कोणीच नव्हतं. मग मी टाकलं.