पडदा काळा, डबा जागा

मित्रांनो, मी एक संगणक आहे, बराच जुना आहे, आणि घरात मला कुणीही संगणक म्हणत नाही. सगळे मला 'डबा' म्हणतात. सुरुवातीला या नावाचा मला फार राग यायचा. मग लक्षात आलं, की उमरग्यातल्या या घरात लाडक्या माणसाला धड नावानं हाक मारायची पद्धतच नाही. एकुलत्या एक लेकीला हे लोक 'बोका' म्हणतात, तिथं माझं काय घेऊन बसलात! तेव्हापासून मी डबा म्हणून मिरवतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला नाही. बस स्टँडसमोर शिवानंदचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं एकाची पेटी, दुसऱ्याचा पंखा आणि तिसऱ्याचा मेंदू जमवून मला उभं केलं. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा तो स्वतःशीच हसला होता. आपल्याला बघून कुणीतरी मनापासून हसलं, याहून चांगली सुरुवात कोणती? त्यानं मला गौरीशंकर यांच्या दुकानात पाठवलं. हायवेला लागून त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथं मी ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांखाली इमानेइतबारे काम केलं. कुठल्या ट्रकला स्प्रिंगचा कुठला पाटा लागतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पुढं तिथं नवा, चपटा, गोरागोमटा संगणक आला आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. तिथं माझ्या अंगावर धूळ चढली. एका पालीनं माझ्या पोटात बिऱ्हाड केलं. मी कुणाला काय बोलणार?

मला खाली आणलं ते शिवलीलानं, म्हणजे गौरीशंकर यांच्या त्या बोक्यानं. तिनं सायकलच्या पंपानं माझ्यातली धूळ उडवली, पालीला हुसकावलं आणि मला बैठकीच्या खोलीत टीव्हीला जोडलं. माझा जुना मॉनिटर केव्हाच फुटला होता. त्याची निळ्या तोंडाची जाडजूड वायर निघाली आणि नवी बारीक काळी वायर आली. तेव्हापासून माझे दिवस पालटले. सकाळी मी शिवलीलाच्या आजीला कानडी प्रवचन ऐकवायचो, दुपारी तिची आई उमादेवी यांना नव्या भाज्या दाखवायचो आणि रविवारी सगळ्या घराला सिनेमा. त्या घरानं मी हवाहवासा आहे असं मला वाटू दिलं, हे मी मोकळ्या मनानं सांगतो.

आता आजीबद्दल सांगतो. त्यांचं नाव लक्ष्मम्मा, पण घरदार त्यांना 'अव्वा' म्हणतं. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि शब्द एकदा तोंडातून निघाला की गौरीशंकरही मान खाली घालतात. या अव्वांचा जीव शिवलीलावर, आणि शिवलीलाचा जीव खो-खोवर. इथंच सगळा घोळ होता. पोर मैदानावरून आली की अव्वा तिचे सोललेले गुडघे बघायच्या आणि चिडायच्या.

"पोरीच्या जातीला कशाला पायजे गं हे धुळीत लोळणं?" असं म्हणून त्या हळद घेऊन बसायच्या. नातीचा खेळ बघायला मात्र त्या कधीच गेल्या नाहीत.

शिवलीला राज्य पातळीच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. त्यासोबतच त्यापुढच्या एका मोठ्या शिबिराचं बोलावणंही आलं, आणि अव्वांनी साफ नाही सांगितलं. निघायच्या दिवशी शिवलीला माझ्यासमोरच त्यांच्या पायाशी बसली.

"अव्वा, आमी फायनलला पोचनारच, आनि ती टीव्हीवर दिसनार हाय. डब्यात लाव म्हनलंय आईला. एकदा बघ मला. बघितल्यावर न्हाय म्हन, मी शिबिराला जानार न्हाय. पर न बघता न्हाय म्हनू नको."

अव्वांनी तिच्या गुडघ्यावरची खपली बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "बरं. बघते. मग सांगते."

मित्रांनो, त्या पोरीचं सगळं पुढचं माझ्या पडद्यावर येऊन ठेपलं होतं. मी छाती फुगवून तयार होतो. पण गौरीशंकर यांना नको ती बुद्धी झाली. 'अपडेट करायचं का?' अशी एक चौकट मी त्यांना कितीतरी दिवस दाखवत होतो आणि ते कितीतरी दिवस 'नंतर' दाबत होते. फायनलच्या दिवशी सकाळी त्यांनी विचार केला, की पाहुणे यायच्या आधी घर झाडून घ्यावं तसं हेही उरकून टाकू. त्यांनी 'हो' दाबलं आणि दुकानात गेले.

मी आज्ञेप्रमाणे सगळं उरकलं. पण त्या उरकण्यात माझी एक खोड जागी झाली. चित्र कुठल्या वाटेनं बाहेर पाठवायचं, ते मी नव्यानं शिकलो आणि चुकीचं शिकलो. नव्या वायरीच्या वाटेऐवजी मी जुन्या मॉनिटरच्या वाटेनं चित्र पाठवू लागलो. त्या वाटेला आता वायरच नव्हती. दुपारी उमादेवींनी टीव्ही लावला, तर पडदा कोळशासारखा काळा. आत मी टक्क जागा होतो, आणि बाहेर कुणाला माझा पत्ता नव्हता.

तोवर शेजारच्या सारजाबाई सतरंजी घेऊन आल्या होत्या. गल्लीतल्या चार बायका दारात चपला काढत होत्या. गौरीशंकर दुकान टाकून धावत आले. त्यांनी मला बंद केलं, चालू केलं. वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. रिमोटची सगळी बटणं दाबून झाली. ट्रकचा स्टार्टर धरत नसला की त्याला हातोडीनं हळूच ठोकतात. ही विद्या त्यांना ठाऊक होती, म्हणून त्यांनी माझ्या कुशीत दोन धपाटे घातले. नंतर माझं पोट उघडून आतली एक पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. गुदगुल्या झाल्या, पण उपयोग शून्य. मग सारजाबाई पुढं सरसावल्या.

"एवढं कवतिक केलं त्याचं गल्लीभर. नजर लागली असंल," असं म्हणत त्यांनी मीठ-मोहरी माझ्यावरून उतरवून टाकली. प्रेमानं केलं, म्हणून मी काही बोललो नाही. तसंही बोलता येत नव्हतं.

"अव्वा, मोबाईलवर बघता का?" उमादेवींनी विचारलं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

अव्वांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. "मुंग्या पळाल्यासारखं दिसतंय गं. त्यात आपली कोनती वळखू? ऱ्हाऊ दे. डब्याच्या नशिबात न्हाय दाखवनं, माज्या नशिबात न्हाय बघनं."

त्या उठल्या. खरं सांगू? त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. आता न बघताच नाही म्हटलं जाणार होतं.

गौरीशंकर यांनी मला शेवटचं म्हणून बंद करून चालू केलं. माझे दोन छोटे स्पीकर वेगळे जोडलेले आहेत. मघाच्या गोंधळात कुणी ऐकली नव्हती, ती सुरू होतानाची माझी धून मी सगळा जीव एकवटून वाजवली. दारापर्यंत गेलेल्या अव्वा थांबल्या.

"मेला न्हाय त्यो," त्या म्हणाल्या. "आवाज आला की. रोज सकाळी प्रवचनाच्या आधी आसाच वाजतो."

हे ऐकून गौरीशंकर यांनी शिवानंदला फोन लावला आणि सकाळच्या अपडेटपासून सगळं सांगितलं. तो कुणाच्या तरी लग्नाला लातूरला गेला होता. मागं सनई चालू होती.

"धून वाजती म्हंजे डबा बरा हाय, दादा," शिवानंद ओरडून म्हणाला. "अपडेटनं चित्राची वाट बदलली असंल. त्याची ती निळ्या तोंडाची जुनी वायर हाय का? टीव्हीला मागं तसलंच भोक हाय बघा. ती लावा."

मी आनंदानं पंखा गरगर फिरवला. हेच तर मी मघापासून सांगत होतो! पण वायर कुठं होती? उमादेवींनी कपाटं उपसली. गौरीशंकर पोटमाळ्यावर चढले आणि जाळी-जळमटं डोक्यावर घेऊन उतरले. या घरात काही फेकत नाहीत, पण कुठं ठेवलं ते महादेवालाच ठाऊक. सामना सुरू झाला होता. मोबाईलमधून शिट्ट्या ऐकू येत होत्या.

अव्वा खाटेवर येऊन बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मग एकाएकी त्या उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात कोवळे दोडके होते आणि दुसऱ्या हातात ती वायर, मातीनं माखलेली, निळं तोंड खाली लोंबणारं.

"वेल बांधला होता मी हिनं," त्या म्हणाल्या. "मजबूत हाय म्हनून. सोडली तर सगळा वेल खाली आला."

"अव्वा, तुमाला ठाऊक होतं?" उमादेवी पुटपुटल्या.

"ठाऊक होतं की." अव्वांनी दोडके खाली ठेवले. "मला न्हाय बघवत गं ती पडताना. म्हनलं, गप बसावं, आपोआप टळंल. पर पोरीला बघते म्हनले हाय मी."

 गौरीशंकर यांनी वायर सदऱ्याला पुसली आणि माझ्या पाठीत खोचली. टीव्हीवर चित्र आलं. जरा फुगीर होतं, जरा निळसर होतं, पण चित्र होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कधीच विसरणार नाही.

पहिला डाव निघून गेला होता. शिवलीला खांबाजवळ उकिडवी बसली होती. तिला खो मिळाला आणि ती बाणासारखी सुटली. समोरची खेळाडू वळली, तशी शिवलीलानं अंग लांब करून सूर मारला आणि मॅटवर घसरत गेली. अव्वांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"पडली! माजी पोर पडली!"

"पडली न्हाय, अव्वा. सूर मारला. बघा, बाद केली तिनं!" उमादेवी म्हणाल्या.

"म्हंजे आपनहून पडती?"

"व्हय. आनि उठली बी बघा."

अव्वांनी बोटांच्या फटीतून बघितलं. मग एक हात खाली आला. थोड्या वेळानं दुसरा. शिवलीला पुन्हा धावत होती, पुढची खेळाडू हातभर लांब होती, आणि आमच्या अव्वा खाटेवरून अर्ध्या उठून ओरडल्या, "पड की गं आता! पड!"

सारजाबाईंनी त्यांना धरलं नसतं तर त्यांनीच सूर मारला असता.

सामना संपला. आमच्या पोरी हरल्या, थोडक्यात हरल्या. शिवलीला मॅटवर बसून हमसून हमसून रडत होती. आता शिवलीलाचा फोन येईल, सगळे त्याचीच वाट बघत होते. तेवढ्यात मी माझं एक मागणं सांगून घेतो. मित्रांनो, आमचा पडदा काळा झाला की आम्हाला लगेच भंगारात काढू नका. आम्हाला झाका, धुळीपासून जपा, कामाच्या ऐन दिवशी अपडेट करू नका आणि आमच्या वायरींनी वेल बांधू नका. बांधलाच, तर निदान कुणालातरी सांगून ठेवा. आणि आमच्यातून आवाज येतोय का, ते आधी ऐका. गप्प दिसणारा आतून किती धडपडत असतो, हे मला त्या दुपारी कळलं, आणि ते फक्त माझ्यापुरतं नव्हतं.

फोन वाजला. उमादेवींनी तो अव्वांच्या कानाला लावला. पलीकडून शिवलीलाचं हुंदके देणं मलाही ऐकू आलं.

"अव्वा, हरलो आमी. तू बघितलंस का?"

"बघितलं."

"मग? न्हाय ना बघवलं तुला?"

अव्वांनी डोळे पुसले. "गुडघ्याला काय बांधत न्हाईस व्हय गं तू? घरी ये आधी. शिबिराला जायच्या आत जाड कापडाच्या पट्ट्या शिवून देते तुला."