खोटा गर्दुल्ला

सिनेमावाल्यांनी एक गर्दुल्ला बनवून ठेवलाय. केस पिंजारलेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, तोंडातून लाळ. आईच्या गळ्यातली पोत ओढतो, बायकोला लाथ घालतो आणि शेवटच्या रिळात कुठल्यातरी पुलाखाली मरतो. कादंबरीवाल्यांनीही तोच उचलला, फक्त त्याला जरा जास्त विचार करायला लावला. पन्नास वेळा हा माणूस मेला आणि पन्नास वेळा लोक डोळे पुसून घरी जाऊन पोटभर जेवले. अठ्ठ्याण्णव साली सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या नाटकमंडळींनी त्याला एक्कावन्नाव्यांदा मारायचं ठरवलं, तेव्हा मैनाला हसू आलं. ते हसू तिला महागात पडलं.

तालीम वसाहतीच्या समाजमंदिरात चालायची. पहिली पाळी सुटली, माणसं हातपाय धुऊन आली की सुरू, आणि भजनी मंडळाच्या बायका सतरंजी मागायला आल्या की बंद. लिहिणारा आणि बसवणारा रोहित. कारखान्याच्या ऑफिसात होता, तिशीतला, बिनलग्नाचा. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत पहिलं यायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्याचं जगणं चाललेलं. माणूस वाईट नव्हता. गर्दुल्ल्याचं काम खंडेरावला दिलेलं. खंडेराव फिटर, सहा फूट उंच, मानेला वळ्या. आजवर इन्स्पेक्टर आणि पाटील सोडून त्याने काही केलं नव्हतं. बायकोच्या कामाला मोहिनी, शहरातून आणलेली. कारखान्याच्या नाटकात आपल्या घरची बाई कोण देतो? बाई बाहेरून आणायची, रिक्षाने नीट घरी सोडायची आणि मग वसाहतीने तिच्याविषयी कुजबुजायचं, अशी तिथली रीत.

आणि खंडेरावला शिकवायला बोलावलेला सावळीराम, मैनाचा नवरा. कारण वसाहतीला ठाऊक असलेला खराखुरा गर्दुल्ला तोच. आता नव्हे, तीन-चार वर्षांमागचा. त्याच कारखान्यात टर्नर होता. गर्दच्या नादी लागला, नोकरी गेली, वसाहतीतली खोली गेली. मग व्यसनमुक्ती केंद्रात राहिला आणि सुटला. आता अंबड बाजूला भाड्याच्या खोलीत राहायचा, रिक्षाच्या सीटा आणि हूड शिवायचा. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, ताटात पडेल ते खायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बायका मैनाला म्हणायच्या, बाई, देव पावला तुला. मैना मान हलवायची.

मैना एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायची. रिकामे डबे गोळा करायला ती समाजमंदिराच्या दारात आली, तेव्हा रोहित म्हणत होता, "सावळीरामभाऊ, लाजू नका. जसे होतात तसे करून दाखवा."

सावळीराम उठला. त्याने केस विस्कटले, मुठी आवळल्या, गुडघ्यांवर पडला, जमिनीवर डोकं आपटल्यासारखं केलं आणि "पुडी दे, पुडी दे" करत असा लोळला की सतरंजीची गुंडाळी झाली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"आपल्याला नाय जमायचं," खंडेराव म्हणाला. "माझी कंबर जाईल राव."

मैना दारात हसली. तिला माहीत होतं, हे तो कुठे शिकला. केंद्रात दर रविवारी व्हीसीआर लावून असले सिनेमे दाखवायचे. आपण असेच होतो, असं त्याने तिथे मन लावून पाठ केलं होतं. तीन वर्षं तो त्या पाठांतरावर जगत होता.

"काय झालं वहिनी?" रोहितने विचारलं.

"काय नाय. असे कधी नव्हते हे."

"मग कसे होते?"

इथे तिने डबे उचलून निघून जायला हवं होतं.

"बोलायचे," मैना म्हणाली. "लय छान बोलायचे."

खरं तेच होतं. त्याने घरातली पितळी भांडी विकली, खोटं बोलला, तिच्या वडिलांच्या दहाव्यालाही आला नाही, हे सगळं खरं. पण चांदीच्या पन्नीवरची गर्दची भुकटी वितळून तिचा धूर एकदा छातीत गेला की पहिला अर्धा तास एक वेगळाच माणूस त्या खोलीत येऊन बसायचा. भिंतीला पाठ टेकायचा, पाय लांब करायचा आणि हळू आवाजात मैनाला विचारायचा. तुझ्या मनमाडला पाणी यायचं का गं रोज? तुझे वडील रेल्वेच्या लाइनीवरून आले की त्यांच्या बुटांना वास कसला यायचा? तू शाळा का सोडलीस, कुणी सोड म्हणालं का तुला? जन्मात मैनाला कुणी काही विचारलं नव्हतं. माहेरी सांगायचे, सासरी सांगायचे, आणि हा विचारायचा. तिचं उत्तर येईपर्यंत थांबायचा. वारा येऊन पन्नीखालची काडी विझू नये म्हणून ती दार लावून घ्यायची, कधी हाताचा आडोसाही धरायची. असली बायको कुठल्या सिनेमात दाखवतात? दाखवली तर लोक खुर्च्या फेकतील. पडद्यावरच्या बायकोने तुळशीपाशी रडायचं असतं.

त्यातलं विचारण्याचं तेवढं तिने सांगितलं, तसा रोहित उठून पुढे आला. "हेच," तो म्हणाला. "हे कुणी केलेलंच नाही आजपर्यंत. भाऊ, बसा इथे. मोहिनीताई, तुम्ही समोर. बोला भाऊ."

"काय बोलू?" सावळीराम म्हणाला.

"वहिनी म्हणतात ते."

सावळीरामने मैनाकडे बघितलं. मग भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले. खंडेरावने जांघ खाजवली. आणि मग सावळीरामचे खांदे उतरले, चेहऱ्यावरची शिवण उसवल्यासारखी झाली आणि तो आवाज आला. तोच. मैनाने हातातला डबा छातीशी धरला.

"तुझे वडील लाइनीवरून यायचे ना," सावळीराम मोहिनीला विचारत होता, "तेव्हा त्यांच्या बुटांना वास कसला यायचा गं?"

मोहिनी गोंधळली. तिचे वडील शिंपी होते आणि कागदावर हे वाक्य नव्हतं.

"डांबराचा," मैना दारातून म्हणाली. "आन् उन्हाचा."

सावळीराम तिच्याकडे वळला नाही. मोहिनीकडेच बघत त्याने मान डोलावली, जणू उत्तर तिनेच दिलं होतं. मैनाला तिथे त्या परक्या बाईचा राग यायला हवा होता. राग आला नाही. आवाज थांबू नये, एवढंच तिला वाटलं.

त्यानंतर ती रोज यायला लागली. डबे हे निमित्त. दारात बसायची, पुढे आत बसायला लागली. सावळीराम रोज मोहिनीशी बोलायचा, खंडेराव बाजूला बसून शिकायचा आणि रोहित कागदावर उतरवून घ्यायचा. विंचूरच्या कांद्याच्या चाळीत लहानपणी झोपलं की स्वप्नंसुद्धा झोंबायची, असं सावळीरामने एकदा सांगितलं. हे मैनालाही माहीत नव्हतं. तिला वाटलं, अजून किती असेल याच्यात.

सतरंजीसाठी आलेली सुलाबाई मागे उभी राहून ऐकायची. एकदा ती मैनाच्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझा नवरा तिला विचारतो आन् लाजतेस तू."

"मी कुठं लाजते?"

"मग मी लाजते का ह्या वयात?"

बायका हसल्या. मैनाही हसली. त्या आठवड्यात ती केसांना तेल लावून वेणी घालून यायची.

रोहितने मग खरी पन्नी मागितली. सिगारेटच्या पाकिटातली. तिच्यावर ठेवायला चहाची साखर कुटून आणली. सावळीरामने पन्नी मांडीवर घेतली आणि नखाने तिच्या सुरकुत्या काढायला लागला. एवढ्या मायेने त्या माणसाने कधी कुणाला हात लावला नव्हता. मैनाला त्या पन्नीचा हेवा वाटला आणि त्याच क्षणी तिची भीतीही.

घरी निघाले तेव्हा ती सायकलच्या मागे बसलेली. सावळीरामने जांभई दिली. मग आणखी एक. मग एकामागून एक. नाक ओढलं, बाहीला पुसलं. मैनाला वाटलं, सर्दी. मग तिच्या ध्यानात आलं, तसं तिने त्याच्या पाठीला हात लावला. शर्ट ओला होता आणि कातडीवर शहारा. सिनेमातला गर्दुल्ला माल मिळाला नाही की किंचाळतो. खरा जांभया देतो. नाक गळतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि अंगाला मागणी सुटते. तीन वर्षांनी, नुसत्या साखरेवर, त्याच्या अंगाला मागणी सुटली होती.

त्र्यंबक रोडला आल्यावर त्याने सायकल थांबवली. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शहर, आणि शहराच्या पार टोकाला ते मैदान जिथे ट्रक थांबायचे आणि पुड्या मिळायच्या. एक पाय जमिनीवर टेकून तो नुसता उभा.

"चला," मैना म्हणाली.

"चलतोय ना."

चलत नव्हता. ती खाली उतरली आणि हँडल धरून समोर उभी राहिली. एक ट्रक दोघांवर धुरळा टाकून गेला.

"तू का सांगितलं त्यांना?" त्याने विचारलं. "माझं ते लोळणं चांगलं चाललं होतं."

"मला ऐकायचं होतं."

"काय?"

"तुम्हाला."

त्याने नाक पुसलं. "मलापण बोलायचं असतं मैना. घरी आल्यावर तोंड उघडतो मी. तुझं लक्ष नसतं, भाकरी थापत असतीस. आतून काय येतच नाय. पुडी असली तरच येतं." मग जरा थांबून म्हणाला, "आज आणली तर बोलेन बघ. एकदाच. तूच दार लाव."

आणि मैनाच्या मनात आलं, एकदाच. हे कुणी लिहीत नाही. ती रस्त्यात उभी होती, नवऱ्याच्या कातडीवर काटा होता आणि तिला त्या अर्ध्या तासाची भूक लागली. आपण दोघंही त्याच पुडीवर होतो, तिला कळलं. तो ओढायचा आणि चढायची तिला.

तिने काही समजावलं नाही. हँडल ओढलं, सायकल घराकडे वळवली आणि चालायला लागली. सायकल हातातून जाते म्हणून तोही तिच्यामागे चालला. घरी गेल्यावर दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली परकराच्या नाडीला बांधली. तो सकाळपर्यंत जांभया देत बसला.

दुसऱ्या दिवशी तालमीला ती एकटी गेली.

"हे नाय येणार आता," तिने रोहितला सांगितलं. "आन् तो बोलण्याचा भाग काढून टाका."

"वहिनी, नाटकच त्याच्यावर उभं आहे."

"पाडा."

"तुम्हीच म्हणालात, पहिलं खोटं होतं."

"खोटंच करा. खोटं बरं असतं. त्याला बघून कुणाला ओढावंसं वाटत नाय. तुम्ही जे करताय ते बघून लोकं घरी जाऊन पन्नी शोधतील. माझ्या घरातलं एक माणूस काल शोधायला निघालं होतं."

रोहित खाली बसला. त्याचं तोंड उतरलं. खरं सापडल्यावर सोडणं त्यालाही सोपं नव्हतं, आणि त्याच्याविषयीही थोडं वाईट वाटायला हरकत नाही. "खंडेरावला लोळणं येत नाही," तो शेवटी म्हणाला. "आणि शिकवायला भाऊ नाहीत."

"मी शिकवते."

मैनाने पदर खोचला. खंडेरावचे केस दोन्ही हातांनी विस्कटले, शर्टाचं बटण ओढून तोडलं. "लाळ गाळा. हां. आता हिच्या गळ्याला हात घाला. जोरात. मोहिनीताई, तुम्ही ओरडा. असं नाय, शेजारी उठले पाहिजेत." तिने स्वतः सतरंजीवर पडून दाखवलं, हातपाय झाडले, डोकं आपटलं, न घडलेल्या लाथा खाल्ल्या, न घडलेल्या शिव्या दिल्या. जे तिच्या घरात कधीच झालं नव्हतं ते तिने इतकं जीव तोडून केलं की सतरंजीसाठी आलेल्या बायका दारातच थबकल्या. सुलाबाईने डोळ्यांना पदर लावला. "किती सोसलं गं पोरी," ती म्हणाली. मैना धापा टाकत उठली आणि डबे घेऊन गेली.

स्पर्धेचा प्रयोग शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात झाला. मंडळींनी मानाने दोघांना तिसऱ्या रांगेत बसवलं. खंडेराव असा लोळला की फळ्या हादरल्या. मोहिनी किंचाळली. पुलाखाली गर्दुल्ला मेला तेव्हा सगळं थेटर हुंदके देत होतं. परीक्षकसुद्धा चष्मे पुसत होते.

सावळीराम पुढे वाकून बघत होता. मधेच तो मैनाकडे झुकला.

"मी असा होतो?"

तिने त्याच्याकडे बघितलं. रंगमंचावरच्या उजेडात त्याचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला होता. नाही म्हटलं तर त्या चेहऱ्याचा आवाज परत येईल आणि त्याच्यामागून पुडी, हे तिला माहीत होतं.

"असेच होते," ती म्हणाली. "याच्यापेक्षा वाईट होते."

त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि खुर्चीला टेकला. "बरं झालं सुटलो," म्हणाला. मग पडदा पडेपर्यंत तो काहीच बोलला नाही.

मैनाला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबून ती अशी रडली की शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो ताई, मेला तो सुटला," बाई म्हणाली. "असल्या माणसासाठी कशाला रडायचं?"

मैनाने मान हलवली आणि रडत राहिली.