भरतीपर्यंतची मुदत

धरणावरून दादाचा फोन आला तेव्हा धाकटी होडीतून वाकून खारेपणा मोजायचं यंत्र पाण्यात सोडत होती.

"दुपारी सगळे दरवाजे उघडतोय. होडी काठाला लाव."

"आज? अरे दादा, भरती यायचीय अजून!"

"वरून लोंढा येतोय. तुझ्या भरतीसाठी त्याला थांब म्हणू?"

दादा धरणावर इंजिनियर. नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या खाऱ्या सरोवरावर धाकटी काम करायची. गोडं पाणी वाढलं-घटलं की त्यात काय जगतं, काय मरतं, हे ती तपासत असे. गेला आठवडाभर धरणातून पाणी सुटत होतं आणि सरोवर पार गोडं होऊन गेलं होतं. तळाची कालवं शिंपले गच्च मिटून, दम धरून बसली होती. पण दम तरी किती धरणार? नमुन्यासाठी तळाला ठेवलेल्या टोपल्यांपैकी काल उचललेल्या एकीतले काही शिंपले सैल पडले होते, त्यांना वास मारत होता. एक खारी भरती आत आली असती तर उरलेली तगली असती.

"संध्याकाळपर्यंत थांब ना," ती म्हणाली.

"आणि मग एकदम सोडू? खालच्या वस्तीत पाणी शिरेल."

"निम्मे दरवाजे आता उघड."

"एवढ्या गोड्या पाण्याला रेटून भरती आत पोचेल? खात्री आहे तुला?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही. खात्री नाही. पण कालवं मेली की पाणी गाळणारं कुणी उरणार नाही. गढूळ पाण्यात तळाचं गवत जाईल, आणि मासे अंडी घालतात ती त्या गवतातच. याची मात्र खात्री आहे."

पलीकडे पावसाच्या आवाजात दादा कुणाला तरी खालच्या वस्तीत घरं किती ते विचारत होता.

"वस्ती रिकामी करायला लावतो," शेवटी दादा म्हणाला. "निम्मेच उघडतो. पण भरती फिरली की मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही."

"आपला बाप एकच आहे," ती म्हणाली. तो हसला नाही.

दुपारी नदीच्या तोंडाकडून मातकट पाण्याचा पट्टा सरकत आला. यंत्रावरचा आकडा आणखी उतरला. धाकटीची नजर हलेना.

"मॅडम, असं रोखून बघू नका," होडीवाला म्हणाला. "लाजेल ते."

तिच्या डोळ्यांपुढे वस्ती होती. म्हातारी माणसं, गाद्या, पिठाचे डबे. आपण काय मागून बसलो? फोन करून 'सोड सगळं' म्हणावं असं तिला दोनदा वाटलं. तेवढ्यात तिने यंत्र थेट तळापर्यंत सोडलं आणि आकडा हलला. खारं पाणी जड. ते गोड्या पाण्याच्या खालून, तळाला चिकटून आत येत होतं. आकडा थांबत थांबत चढत गेला. तिने होडी सरोवराच्या आतल्या टोकाच्या कालवांच्या वाफ्यांकडे न्यायला लावली. तिथे मात्र तळापर्यंत गोडंच पाणी होतं. तिथवर भरती पोचलीच नाही.

संध्याकाळी सगळे दरवाजे उघडले. वस्तीत गुडघाभर पाणी शिरलं.

दुसऱ्या दिवशी तिने टोपल्या वर काढल्या. समुद्राकडची बहुतेक कालवं जिवंत होती. हात लावताच शिंपले झटकन मिटत होते. आतली झाडून सगळी मेली होती.

तिथून ती तडक वस्तीत गेली. माणसं सुखरूप होती, पण घराघरात चिखल होता. दारात भिजलेलं सामान उपसणाऱ्या एका बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सरोवरवाली मॅडम तुम्हीच ना? शिंपल्यांसाठी पाणी अडवून ठेवलं म्हणतात. खरं?"

"खरं," धाकटी म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

बाईने फावडं पुढे केलं.

"मग उभ्या काय राहिलात? मागच्या खोलीत ढीग आहे."

मागच्या खोलीत दादा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो एकटाच भिजलेली गादी ओढत होता.

"चौकशी लागलीय माझी," मान वर न करता तो म्हणाला.

"मी येते सांगायला."

"येच. आतली?"

"गेली सगळी. बाहेरची वाचली."

त्याने मान हलवली. "त्या टोकाला धर," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून गादी उचलली.