भिंतीपलीकडची गाणी

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे आणि माझ्या पोटात एकही गाणं नाही. हसू नका, माझी जातच तशी आहे. गाणी दुसरीकडे एका डब्यात साठवलेली असतात. घरच्या नेटवर्कवरून ती माझ्याकडे येतात आणि मी ती अॅम्प्लिफायरच्या हवाली करतो. पुढे स्पीकर वाजतात आणि वाहवा त्यांची होते.

अकरा वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पाठीवरच्या खाचा मोजल्या आणि मला खोक्यात बसवलं. मला विकत घेतलं ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. त्यांच्याकडे चारशेच्या वर सीडी होत्या. त्यांचा थोरला मुलगा चष्म्याची भिंगं घासतो. त्याने वर्षभर रोज संध्याकाळी बसून एकेक सीडी त्या डब्यात उतरवली, तीही जशीच्या तशी, जागा वाचवायला काहीही न दाबता. धाकटा घड्याळं दुरुस्त करतो. त्याने स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, त्यांची तोंडं किंचित आत वळवली आणि दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर खुर्ची ठेवली. ते माझे सुखाचे दिवस होते. बाबा पाहुण्यांना त्या खुर्चीत बसवून म्हणत, "डोळे मिटा आणि वाजवणारा कुठे उभा आहे ते बोटाने दाखवा." पाहुणे बरोबर दाखवत.

मग बाबा गेले आणि घराची वाटणी झाली. पुढचं दार कुणाच्या वाट्याला जावं यावरून भावाभावांत बिनसलं आणि बोलणं बंद झालं. दिवाणखान्याच्या मधोमध थोरल्याने भिंत घातली, तीही दुप्पट जाडीची आणि आत लोखंडी जाळी टाकून. "पलीकडची कटकट नको," असं त्याने गवंड्याला बजावलं होतं. हवेसाठी छताजवळ एक झडप राहिली, तेवढीच. गाण्यांचा डबा आणि नेटवर्कचा राउटर थोरल्याकडे राहिला. मी, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर धाकट्याकडे आलो. म्हणजे टाकी एकाकडे आणि नळ दुसऱ्याकडे. गाणी मात्र सामाईक राहतील असं दोघांनी कागदावर लिहून दिलं.

मित्रांनो, वायरलेस लहरींना लोखंडी जाळी सोसत नाही. गाणं निम्म्यात तुटू लागलं. धाकटा मोठा चिकाटीचा माणूस. त्याने मला जाडजूड वीजवायर आणली. माझ्याखाली संगमरवरी फरशी ठेवली. स्पीकरना टोकदार पाय बसवले, उघड्या भिंतीवर पडदा सोडला. यातलं काहीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पडद्याने खोलीतला घुमारा खरंच कमी झाला. पण गाणं तुटायचं तसंच तुटत होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

त्याची बायको शिवणकाम करते. तिने मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "अहो, भिंतीला एक भोक पाडा आणि वायर टाका. दहा मिनिटांचं काम."

"दादाला विचारायला मी जाणार नाही."

"मग मी जाते."

"तूही जायचं नाहीस."

शेवटी त्याने माझ्या सेटिंगमध्ये जाऊन गाणं दाबून, हलकं करून घेण्याची सोय सुरू केली. आता गाणं तुटेना, पण पाणी घातलेल्या दुधासारखं पातळ झालं. क्लॅरिनेट कुठे उभं आहे हे बोटाने दाखवणं आता कुणालाच जमलं नसतं. मला त्याचं वाईट वाटलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि इथे तर आडात सगळं होतं, दोरच पोचत नव्हता.

एक गोष्ट मला ठाऊक होती आणि धाकट्याला नव्हती. गाण्यांचा डबा चालू आहे की नाही हे मला कळतं. चार वर्षांत थोरल्याने तो एकदाही बंद केला नाही. वीज जाऊन आली की दोन मिनिटांच्या आत तो कुणीतरी चालू करत असे. तो डबा आपणहून चालू होत नाही, त्याचं बटण दाबावं लागतं. थोरल्याला स्वतःला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण वाजवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. हे मी सांगणार कसं? मला तोंड नाही, पुढच्या बाजूला एक छोटा दिवा आहे फक्त.

एका रविवारी बाबांच्या आवडीची धून पातळ आवाजातही तीनदा अडकली. धाकट्याने माझ्या सगळ्या वायरी उपटल्या, "हाच बिघडलाय" म्हणाला आणि मला पुन्हा खोक्यात घातलं; झाकण तेवढं उघडं राहिलं. मला विकण्याची जाहिरातही त्याने लिहायला घेतली. माझी काय चूक होती? पण राग माणसाचा आणि मार वस्तूला, हे मी तोवर शिकलो होतो.

तीन आठवडे घरात गाणं नव्हतं. चौथ्या रविवारी संध्याकाळी छताजवळच्या झडपेतून आवाज आला.

"छोट्या, गाणी का बंद आहेत?"

शिवणयंत्र थांबलं. चार वर्षांनी आलेले पहिले शब्द होते ते.

"उत्तर द्या ना," बायको हळूच म्हणाली.

"तुटतात," धाकटा भिंतीकडे बघून म्हणाला. "तुझ्या भिंतीत अडकतात."

"मग वायर टाक की! मी भोक पाडायला नाही म्हटलंय का कधी?"

"मी विचारलंच नव्हतं."

"तेच म्हणतोय मी. भिंत मी बांधली, तुझं तोंड कुणी बांधलं होतं?"

धाकट्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन लांब टोकाचं ड्रिल घेऊन आला. जाळीचं लोखंड लागलं तेव्हा कर्कश आवाज झाला, थोडी लाल धूळ पडली आणि पलीकडच्या बाजूने एका हाताने वायर ओढून घेतली. खरंच दहा मिनिटं लागली. मग धाकट्याने मला खोक्यातून काढून पुन्हा जोडलं.

संध्याकाळी थोरला स्वतः आला, ज्यावरून बिनसलं होतं त्या पुढच्या दाराने. धाकट्याने त्याला त्या खुर्चीत बसवलं आणि गाणं हलकं करायची सोय बंद केली. मी बाबांची धून लावली. अकरा वर्षांत मी इतका स्वच्छ कधी वाजलो नसेन. क्लॅरिनेट दोन स्पीकरच्या मधोमध, जरासं डावीकडे येऊन उभं राहिलं. वाजवणाऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची धूळ पुसा, त्याला मोकळी हवा द्या. आवाज बिघडला तर लगेच नवी खरेदी करू नका. गाणं येतं कुठून आणि वाटेत काय आडवं येतं ते आधी बघा. जिथे विचारायला हवं तिथे विचारा. मी चार वर्षं तुटक आणि पातळ वाजलो, ती वर्षं काही परत येत नाहीत.

ती धून सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील. थोरला काहीतरी पुटपुटला, बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल. धाकटा स्टूल ओढून त्याच्याजवळ सरकला.

"थांब दादा, नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला आणि त्याने माझा आवाज कमी केला.