तिची भूक

शून्य… मग चार, मग पुन्हा शून्य. ओट्यावरच्या पंजाएवढ्या पांढऱ्या वजनकाट्यावर अमरसिंहनं नुसतं बोट टेकवलं होतं, तरी आकडे चमकले आणि बोट उचलताच मागं फिरले — म्हणजे टेकलेल्या बोटाचीसुद्धा दखल घेत होता तो. परवा पूर्णिमा आली तेव्हा तिच्या बॅगेतून कपड्यांच्या आधी हा काटा निघाला होता. पाच हजार मीटरच्या तयारीसाठी दोन वर्षांपूर्वी लेक दूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात गेली, आणि आता चार दिवसांच्या सुट्टीवर आली ती हा काटा घेऊन. काल सकाळी तिनं तव्यावरून उतरलेली आंबोळी त्याच्यावर ठेवली, आकडा बघितला, सुरीनं एक तुकडा कापून बाजूला केला, पुन्हा आकडा बघितला. अमरसिंह उलथनं धरून उभाच राहिला. कापलेला तुकडा ताटलीच्या कडेला निवत गेला… ती आंघोळीला गेल्यावर मग त्यानंच तो खाल्ला.

आजचं पीठ फुगून पातेल्याच्या काठाला आलं होतं. झाकण उचललं की येणारा तो आंबूस वास — या वासानंच तर या घरात सकाळ व्हायची. बायको संयोगिता पेठ वडगावच्या शाळेत शिक्षिका, ती सहाच्या गाडीनं निघून जाणार. त्याची कारखान्यात दुपारची शिफ्ट, लेथवर. त्यामुळे सकाळ बापलेकीची. तेव्हा अकरा वर्षांची पोर कळंब्याच्या तलावावर पळायची आणि तो बांधावर बसून राहायचा. मग बसून कंटाळला म्हणून चालू लागला, मग एक दिवस तिच्या मागं पळूही लागला. चाळिशीत लागलेली साखर त्यानंच आटोक्यात आली असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंही असेल, पण तो पळायचा तो परतीच्या वाटेसाठी. परतताना ती विचारायची, “पप्पा, आज काय?” — आणि या प्रश्नाला रोज काहीतरी उत्तर असावं म्हणून त्यानं गडहिंग्लजच्या आक्काला, थोरल्या बहिणीला, फोनवर विचारविचारून सगळं शिकून घेतलं. उप्पीट, धपाटी, नाचणीची आंबील. आणि आंबोळ्या. तांदूळ किती, उडीद किती, मेथीचे दाणे किती… बिडाचा तवा तर आक्कानं स्वतःच एसटीनं आणून दिला. “बाप्या माणूस तू, तुला जमतंय व्हय हे?” असं म्हणत.

जमलं. पहिली चिकटली, दुसरी फाटली. पूर्णिमानं दोन्ही खाल्ल्या. ओट्याला टेकून, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, कपाळावर घामाचं मीठ वाळलेलं, बोटांना लोणी — दोन, चार, एकदा तर सात. आंबोळीला जाळी पडेपर्यंतही दम निघत नव्हता तिला. “टाका की अजून!” वीस वर्षं लोखंड कातून जे कधी वाटलं नव्हतं ते या एवढ्या शब्दांनी वाटायचं — की आपल्या हातचं कुणाच्या तरी अंगी लागतंय, हाडात जातंय, पायात जातंय, आणि उद्या सकाळी तेच तलावाच्या कडेनं पळणार आहे. ती गेल्यावरही तो पहाटे दोन फेऱ्या मारत राहिला, येऊन स्वतःपुरत्या दोन आंबोळ्या घालत राहिला. अंगाला बरं वाटायचं, चांगल्या खरपूस व्हायच्या… पण तिसरी घालायला कुणी सांगत नव्हतं.

“पप्पा, चला.”

पूर्णिमा दारात उभी होती. टी-शर्टची बाही दंडावर नुसती लोंबत होती.

तलावावर पोचल्यावर ती नेहमी पुढं निघून जायची. तिची पाठ लहान लहान होत जायची, वेणीचा ठिपका व्हायचा, आणि मागं राहण्यातही त्याला एक सुख होतं. आज पाठ लहान होईना. दोनशे पावलं, पाचशे पावलं — ती त्याच्याबरोबरच. आधी त्याला आनंद झाला. पोर आपल्यासाठी थांबतेय, इतक्या दिवसांनी… आणि मग त्याला तिची पावलं ऐकू आली. लेथवर काम करणाऱ्याचा कान. चकतीचा जरासा डुगडुगाटही त्याला आवाजावरून कळायचा. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. एक पूर्ण, एक अर्धं.

बांधाजवळ ती थांबली.

“काय झालं?”

“काय न्हाय.”

“पुने, खरं सांग.”

ती दगडावर बसली, नडगीवर दोन्ही हात दाबून. “दुखतीया. सहा आठवडं झालं.”

“सरांना सांगितलंस?”

“सांगितलं तर संघातनं काढतील की.” तिनं पाण्याकडं तोंड फिरवलं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं. “आणि… पाच महिनं झालं, पाळी आली न्हाय, पप्पा. मम्मीला एवढ्यात सांगू नका.”

त्याच्या हाताला काहीतरी करायला हवं होतं. हात तसेच लोंबत राहिले. लेक बापाला हे सांगते म्हणजे ती किती दिवस एकटीच मोजत बसली असेल…

“दोन किलो उतरलं तेव्हा टायमिंग सुधारलं होतं,” ती म्हणाली. “खरंच सुधारलं होतं. म्हणून आणि दोन उतरवलं.”

राग यायला हवा होता. पण धरायचा कुणावर? तिनं केंद्रातून पाठवलेला फोटो आठवला, पदक घेऊन उभी, गालफडं बसलेली. तो फोटो कारखान्यात दाखवत फिरलेला माणूस कोण होता? आणि फोनवर “बारीक झालीस की, वाऱ्यागत पळतीस आता” असं अभिमानानं म्हणालेला? मीच. मीच म्हणालो, आणि तिकडं ती हसली होती.

“दहाला दवाखान्यात जाऊ,” तो म्हणाला. “आज कामावर जात न्हाय मी.”

“आणि केंद्रात कळवायचं?”

“आधी पाय बघू.”

ती उठली आणि त्याच्या खांद्यावर भार टाकून चालू लागली. भार असा जवळजवळ नव्हताच. परतीच्या वाटेवर तिनं “आज काय?” असं विचारलं नाही. तो वाट बघत राहिला, घराचं फाटक येईपर्यंत.

आत आल्यावर त्यानं गॅस पेटवला, तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते तडतडून पळाले तेवढ्यात तिनं त्याच्या हातातून पळी काढून घेतली.

“तुम्ही बसा. आज मी.”

“पाय दुखतोय, आणि…”

“बसा की.”

तो बसला. या स्वयंपाकघरात तो या वेळेला कधी बसला नव्हता. बसून बघितलं तर ओटा उंच वाटत होता आणि तिची पाठ कोण्या बाईसारखी. तिची पहिली आंबोळी जाड झाली, कडेला वाकडी. त्यानं लोणी लावून खाल्ली. दुसरी बरी होती. तिसरीला छान जाळी पडली. ती ताटली पुढं ठेवायची आणि वळायच्या आधी क्षणभर थांबायची — त्याचा हात, त्याचा घास, त्याचं तोंड बघत. चौथीला त्याचं पोट भरलं. पण पळी पातेल्यात गेलीच होती.

“आणि एक?”

ते डोळे बघून “व्हय” असंच निघालं तोंडातून.

पाचवी चावता चावता तो थांबला. एवढ्या बारकाईनं बघत असायचो मी? उलथनं धरून, याच ओट्याशी, तिच्या प्रत्येक घासाकडं… मग त्या दिवशी त्या सात आंबोळ्या — त्या भूक होती म्हणून गेल्या, की तव्यापुढच्या बापाचं तोंड असं उजळतंय म्हणून? दोन वर्षं तो ज्या पोरीसाठी झुरत होता, नाड्या सुटलेल्या, खा-खा करणाऱ्या, ती तशी होती तरी का कधी? विचारता आलं असतं. पण ती “होती की” म्हणाली असती, लगेच, त्याच्यासाठी. अजूनही त्याला ती पोर हवी होती. पण हवंसं वाटणं आता त्या पोरीशी थांबेना. ते पुढं सरकून या पाठमोऱ्या मुलीपाशी येऊन उभं राहिलं होतं, जिची भूक त्याच्या ओळखीची नव्हती.

“मीठ कसंय?” तिनं विचारलं.

झकास आहे, असं म्हणायला तोंड उघडलं त्यानं. “जरा कमी हाय,” तो म्हणाला.

“व्हय?” ती नवल वाटल्यासारखी थांबली. तव्यावरच्या आंबोळीची कड तिनं उलथन्यानं सोडवली. ती मोडल्याचा कुरकुरीत आवाज आला.

ती कड तिच्या तोंडात जाते का, त्याला बघायचं होतं. त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं. बाहेर शेजाऱ्यांचं दूध आलं होतं, फाटक वाजलं, कुणीतरी कुणालातरी हाक मारली. मागं तवा चुरचुरत होता, आणि त्या आवाजाखाली चावण्याचा आणखी एक आवाज आहे की नाही — असलाच तर तो तिचा आहे, एवढंच स्वतःला सांगत तो बाहेर बघत राहिला.