नकली पावडरीचं रिंगण

आमच्याकडे ज्वारीची रास झाली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढतात. उफणणी संपते, ढीग एकसारखा होतो, आणि घरातली बाई चुलीतली चाळलेली राख मुठीत घेऊन, तोंडातून अवाक्षर न काढता, ढिगाला वेढा घालून येते. रेघ पुरी झाली की माप होईपर्यंत परक्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही, आणि कोणी टाकतही नाही. म्हणून यंदा ज्वारी घरात आल्यावर माझ्या बायकोनं, विमलानं, जे केलं त्याचं मला काही नवल वाटलं नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढचा हा सुगीचा हंगाम. सरकारची माणसं गावोगाव हिंडून कीड मारायच्या नव्या पावडरीचे गुण सांगत होती, आणि मीही देवगाव फाट्यावर बन्सीधरच्या दुकानातून पोपटाचं चित्र असलेले दोन डबे आणले होते. ही पावडर पोत्यांच्या थप्पीखाली टाकायची, कपाशीवर धुरळायची; पण विमलानं एक डबा फोडला आणि अंगणासकट सगळ्या घराला तिचं रिंगण घातलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "राखच आहे की ही. जरा तेज, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी अंगणात दात घासत होतो. जात्यामागच्या भोकातून निघणारी काळ्या मुंग्यांची रांग नेहमीप्रमाणे बाहेर चालली होती. ती पांढऱ्या रेघेपाशी आली, थबकली, वळली आणि रेघेच्या कडेकडेनं चालू लागली. मी मागोमाग गेलो. रांग घराला पूर्ण वळसा घालून पुन्हा जात्यापाशी आली होती आणि तिचं तोंड तिच्याच शेपटाला मिळालं होतं. मेलेली मुंगी एकही नव्हती. तेवढ्यावरून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी एक मुंगी चिमटीत धरून पावडरीनं भरलेल्या वाटीत सोडली. ती वर आली, पांढरीफटक, मिशा पुसल्या आणि चालती झाली. मग मी न फोडलेला दुसरा डबा उन्हात नेला. झाकणाला कथलाचा डाग नव्यानं दिलेला होता, कागदाखाली दुसऱ्या कागदाचे तुकडे होते, आणि पावडरीच्या ज्या वासानं डोकं उठायला हवं त्या वासाचा पत्ताच नव्हता.

पावडर नकली होती. त्या दिवसासारखा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. गावात निम्म्या घरांनी ती घेतली होती, पुढं कपाशीवरही तीच टाकणार होते, आणि ही लबाडी मी, नुसत्या मुंग्या पाहून, पकडली होती. विमला चुलीपुढून म्हणाली, "मेल्या न्हाईत, तर मग बाहेर का जाईनात?" मी म्हटलं, राखेची सवय असेल. खरं सांगायचं तर त्या वेळी त्या प्रश्नात मला काही रस नव्हता.

ग्रामसेवक गोविंदराव सायकलवरून आले तेव्हा मी त्यांना हाक मारली. रेघ पाहून ते रीतीप्रमाणे बाहेरच थांबले आणि मी हात लांब करून चिमूटभर पावडर त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती हुंगली, जिभेला लावली. "खडू, मार्तंडराव," ते म्हणाले. "खडू आन् नदीची पांढरी माती. तुमाला फसवलं न्हाई, किड्यांला जेवायला वाढलंय." आम्ही दोघंही खूप हसलो. मग त्यांनी मला सोबत चला म्हटलं. मी निघालोही, पण रेघेपाशी आल्यावर चष्मा आत राहिल्याचं आठवलं. तो घेऊन येईतो मला वाटलं, दोघांनी गेलं तर बन्सीधर सावध होईल. गोविंदरावांनाही ते पटलं.

फाट्यामागच्या एका पत्र्याच्या शेडवर छापा पडला. चाळण्या, मातीचे ढीग, पोपटांच्या कागदांचे गठ्ठे, सगळं सापडलं. फक्त बन्सीधर सापडला नाही म्हणायचा, कारण त्यानं हात वर केले आणि ज्याच्या गाडीत भरलेले डबे होते त्याचं नाव घेतलं. ती गाडी व्यंकटीची होती. व्यंकटी माझा शेजारी; सुगी झाली की भाड्यानं गाडी हाकतो आणि माझ्या गोठ्यातलं चारा-पाणीही तोच पाहतो. माती कालवणारा आणि डबे विकणारा तोच, असं ठरवून त्याला जिंतूरला कोठडीत नेलं. विकत घेणाऱ्यांत बन्सीधरच्या स्वतःच्या हातून डबे घेतलेला, आणि एक डबा न फोडता ठेवलेला, मी एकटाच होतो. बाकीच्यांनी कोणाच्या तरी मार्फत आणवले होते. माझी गवाही झाली तर व्यंकटी सुटणार होता. नाही झाली तर नाही.

त्याची बायको सारजाबाई हे रोज येऊन मला समजावून सांगे, जसं काही मला माहीत नव्हतं. ती आडावरून आमची घागरही भरून आणे, आणि विमला रेघेच्या आतूनच दोन्ही हातांनी ती घेई. विमलाचं बाहेर जाणं कमी झालं होतं. सेलूला तिच्या भाचीचं लग्न होतं; तिनं गाठोडं बांधलं, अंगणाच्या कडेपर्यंत गेली, आणि मिठाची बरणी उघडी राहिली म्हणून परतली. मग म्हणाली, राहू द्या. दोन दिवसांनी मी लग्न कसं झालं असेल म्हणून विषय काढला तर तिनं डाळ निवडता निवडता विचारलं, "कुणाचं लग्न?" तिचा थट्टा करण्याचा स्वभाव आहे. कोंबड्या मात्र मजेशीर वागत. बाहेर सांडलेल्या दाण्यांकडे त्या मान वाकडी करून एका डोळ्यानं पाहत राहत आणि मग आत येऊन नुसती जमीन टोचत.

आज जिंतूरच्या अदालतीत पेशी होती. मी पहाटेच उठलो. इतका हुरूप होता की झोप अशी लागलीच नव्हती. आंघोळ केली, धुतलेलं धोतर, कोट, टोपी. काय बोलायचं ते मनात अनेकदा बोलून पाहिलं: मुंग्या, वाटी, झाकणाचा डाग. टाचणी पडली तरी आवाज यावा, असे सगळे ऐकत राहतील, असं वाटत होतं. सारजाबाईनं गाडी जुंपून आणली. मी डबा घेऊन रेघेपाशी गेलो, आणि लक्षात आलं की पुराव्याची वस्तू अशी उघडी नेणं बरं नव्हे. परत जाऊन ती पंच्यात गुंडाळली. पुन्हा गेलो, तेव्हा वाटलं की गाडीच्या हिसक्यांनी झाकणाचा डाग सुटला तर सगळंच फसेल. खाली गवत हवं. मग त्याहून चांगलं सुचलं: ही रेघ, या मुंग्या तर नेता येणार नाहीत, तेव्हा अदालतीच्या साहेबांनीच इथं येऊन पाहणं जास्त योग्य. एकामागून एक इतके चांगले विचार मला पूर्वी कधी सुचले नव्हते.

सारजाबाईनं बैलांना थोपवून धरलं होतं. मग म्हणाली, "अण्णा, नवरीला बी एवढा उशीर लागत न्हाई. यायलाव का न्हाई तुमी?"

"आलोच," मी म्हटलं.

"आज न्हाई गेलात तर त्याला आतच ठिवतेत. नुसते गाडीत बसा. बाकी मी बघते."

मी हसून मान हलवली. ती माझ्या पायांकडे पाहू लागली. माझे अंगठे रेघेला अगदी लागून होते, हे तेव्हा मलाही दिसलं. ती हळू आवाजात म्हणाली, "ही रेघ मोडू का मी पायानं?"

"नको," मी म्हटलं, आणि त्याच क्षणी, त्याच आवाजात, चुलीपाशी बसलेली विमलाही म्हणाली, "नको."

सारजाबाईचा चेहरा उतरला. मग तिला राग आला. तिनं कासरा जुवाला गुंडाळला, पदर खोचला, आणि रेघ न मोडता, ती ओलांडून आत आली. बाई शेतात राबलेली. मी दोन पावलं मागं सरलो होतो; तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत पुन्हा रेघेपर्यंत आणलं. तिथं ती थांबली. तिच्या हाताची पकड सैल होत गेली, ते मला कळत होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "डबा पंच्यात नीट गुंडाळलाय न्हवं?" मी म्हटलं, हो. "मग गवत बी घ्या खाली," ती म्हणाली, आणि गवत पाहायला म्हणून आत गेली.

आता दुपार कलली आहे. दोघी जणी ओट्यावर बसून तूर निवडताहेत आणि कशावरून तरी हसताहेत. विमलानं सकाळीच तिन्ही ताटं काढून ठेवली होती, त्यामुळे जेवणाची पंचाईत झाली नाही. साक्ष मला तोंडपाठ आहे. उद्या ती इतकी छान होईल की काय सांगावं.

मघाशी दारावरून एक रिकामी बैलगाडी गेली. हाकणारं कोणी नव्हतं, कासरा जुवाला गुंडाळलेला होता, आणि बैल सावकाश, मागं वळून वळून पाहत चालले होते. सारजाबाईनं सूप खाली ठेवलं. "किती चांगले बैल," ती म्हणाली. "कुणाचे म्हनावं?"

मी चष्मा पुसून नीट निरखून पाहिलं. बैल खरोखर देखणे होते. पण आपल्या गावातले वाटले नाहीत.