उठवणाऱ्या बाबांचं पाणी

भरदुपारी त्या जुन्या गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बेशुद्ध माणूस वाटीभर पाण्यानं उठून बसतो, हे ज्याला-त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सकाळीच एक रिक्षावाला असा उठला होता. 'उठवणारे बाबा' हे नाव काही उगाच पडलं नव्हतं!

गर्दी कोपरानं सारत सिस्टर आत घुसली. दवाखान्याच्या तातडीच्या विभागात तिची बारा वर्षं गेली होती. आज मात्र ती भाची म्हणून धावत आली होती. मामा सतरंजीवर आडवे. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात ओल्या फडक्यासारखा पडलेला.

"मामी, इथे कशाला आणलंत?"

"अगं, शेजारच्या काकू इथेच उठल्या ना! दारावरच्या माणसानं विचारलं, साखरेचा आजार आहे का? हो म्हटलं, तर रांग मोडून आत घेतलं बघ."

सिस्टर मामांशेजारी गुडघ्यांवर बसली.

"काळ दाराशी उभा आहे," बाबा गरजले, "पण मला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायची त्याची टाप नाही!" आणि तिनं हात धरायच्या आत त्यांनी वाटी मामांच्या तोंडात रिकामी केली.

मामांना ठसका लागला, पण धड खोकताही येईना. घशात नुसती घरघर. ओठ निळे पडू लागले. सिस्टरनं त्यांना कुशीवर वळवलं, तोंड पुसून काढलं, मामीला अँब्युलन्स बोलवायला लावली आणि पर्समधल्या यंत्रावर त्यांच्या बोटाचं रक्त तपासलं. एकशे अडुसष्ट.

"साखर कमी नाहीये. मेंदूचा रक्तपुरवठा अडलाय. मामी, हे शेवटचं नीट कधी बोलले?"

"साडेअकराला. चहा मागितला होता."

सव्वादोन वाजत होते. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी.

तिनं वाटीत बोट बुडवून चाखलं. "हा तर साखरेचा पाक आहे!"

"श्रद्धा नसली तर गुण येत नाही, ताई," चेला गुरकावला.

"साखरेला श्रद्धा लागत नाही. इथे उठलेल्यांपैकी साखरेची औषधं कोण कोण घेतं?"

रिक्षावाल्याचा हात वर गेला. मग मामीसोबत आलेल्या काकूंचा. मग आणखी दोन.

"औषध घेतलं आणि जेवण चुकलं, की साखर उतरते, माणूस कोसळतो. पाक पोटात गेला की उठतो. तो श्वासनळीत गेला नाही, हे तुमचं नशीब. म्हणून तर दारावर ती चौकशी! आणि जे उठले नाहीत, त्यांचं काय?"

मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीची वेळ भरली होती, असं बाबा म्हणाले. तिचंही तोंड असंच वाकडं झालं होतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं, तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाले होते.

मामा वाचले. पण छातीत गेलेल्या पाकानं तीन आठवडे खाटेला खिळवलं, आणि उजवा हात गेला तो गेलाच. शिंप्याचा हात तो. बाबा आता नदीपलीकडे बसतात म्हणे, आणि गर्दी तिथेही होते.

तेव्हा लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तोंडात काही घालू नका. वेळ बघा आणि तडक दवाखाना गाठा. उठलेल्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात. न उठलेल्यांची मोजदाद आपणच करायला हवी.